पुष्पीचा मामा

गांधीबाग, नागपूर
९ मार्च १९८६

धोंडबा,

रामराम. घ्यायचा तर घे, नाहीतर पाकिटात परत ठेव.

मी रुपराव. नागपूरवाला. फौजेत, आपल्या कंपनीत तू मागच्या वायरलेस सेटवर होतास आणि मी पुढच्या. शेवटचं आपण बोललो ते साहेबाच्या टेबलासमोर, एकमेकांना खोटारडा म्हणत. त्यानंतर चौदा वर्षं दोघांनीही सेट बंद ठेवला. हे पत्र मी शाळेतल्या मराठीत लिहितोय. ‘मले-तुले’ केलं की तुमच्या साताऱ्याकडची माणसं आधी हसतात आणि मग ऐकतात. मला आज कोणाला हसवायचं नाही.

माझं बरं चाललंय. नत्थूजी मामांचं इथं कापडाचं दुकान आहे, त्याच्या जिन्याखाली माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान. लग्न, बारसं, गणपती, निवडणूक. ज्याला जे ओरडायचं असेल ते मी दूरवर पोचवून देतो. काय ओरडायचं ते त्याचं त्यानं बघावं. सरकारनं शिकवलेली विद्या अशी पोटाला लागली.

हे सगळं कशाला सांगतोय? मुद्दा टाळतोय म्हणून. एवढं लिहिताना तीनदा उठून पंखा कमीजास्त करून आलो. मुद्दा असा, की माझी बहीण गोपिका इथं जवळच मौद्याला असते, आणि तिच्या पुष्पलतेचं लग्न १४ मेला ठरलंय. नवरीला मांडवात आणायचं ते मामानं. मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. पुष्पीला सख्खा मामा एकच, तो मी. आणि गोपिकेनं त्या जागी बोलावलंय तुला.

शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं सांगितलं. नणंद-भावजयीचं येणंजाणं आहे. बंदी फक्त माझ्यावर आहे. गोपिका दरवर्षी तुला राखी पाठवते हेही शोभाकडूनच कळलं. पाठवू दे. चंद्रभान लढाईत गेला तेव्हा तू तिला चांगलं पत्र लिहिलं होतंस, मी नाही म्हणत नाही. तिचा नवरा कसा सगळ्यांच्या पुढं होता, कसा हसतमुख होता. पण त्यात एक ओळ टाकलीस, की ‘रुपरावानं बांबूच्या बेटात पोचलो म्हणून कळवलं, म्हणून आमचा मारा थांबला.’ बाकीचं पत्र ती विसरली. ती ओळ तिला पाठ आहे.

मी सुटीवर आलो तेव्हा तिनं दारातच विचारलं, “पोचला होता का गा तू?”

मी म्हटलं, नाही.

“मंग काहून सांगतलं?”

आणि दार लावून घेतलं. ते अजून लावलेलंच आहे.

मी तसं सांगितलं नव्हतं, धोंडबा. तिला एवढंच लिही. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

रुपराव


गांधीबाग, नागपूर
२७ मार्च १९८६

धोंडबा,

उत्तर नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी सायकल लावतो तेव्हा मी जिन्याखालून बाहेर येऊन उभा राहतो. आता तो लांबूनच मान हलवतो. दुकानात चित्त नाही. काल एकाचा मर्फी उघडला, झाकण परत बसवलं आणि दोन स्क्रू टेबलावर तसेच राहिले. रेडिओ वाजला, हे त्याचं नशीब.

तुझा समज मला ठाऊक आहे. या नागपूरवाल्यानं शौर्याची फुशारकी मारली, खड्ड्यात पडून ‘पोचलो’ म्हणून सांगितलं. तर आधी माझं शौर्य ऐक. आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही असं पेपरात वाचतो. नसेल. आमच्या घरात होती. बासष्टच्या लढाईनंतर गांधीबागेत व्यापाऱ्यांची सभा झाली. नत्थूजी मामांनी स्टेजवर जाऊन जवानांसाठी लठ्ठ्याचे ठाण, म्हणजे जाड्या कापडाचे तागे, जाहीर केले. टाळ्या पडल्या. टाळ्यांचं व्यसन वाईट. मामा माइक सोडेनात. म्हणाले, “अन् माह्या घरातून एक जवान.” मामांना स्वतःचा मुलगा होता, पण तो कॉलेजात होता. मी मॅट्रिकला दोनदा बसलो होतो आणि दोन्ही वेळा उठवला गेलो होतो. दुसऱ्या आठवड्यात मामा मला कामठीच्या भरतीत घेऊन गेले, बैलाचे दात दाखवतात तसं माझं तोंड उघडून दाखवलं. वर म्हणाले, “रेडिओ दुरुस्त करते पोरगा.” झालं. पाठीवर सेट चढला.

त्याच रांगेत मौद्याचा चंद्रभान उभा होता, स्वतःच्या मर्जीनं आलेला. म्हणून आम्ही त्याला वेडा म्हणायचो. पुढं मीच त्याला बहीण दिली.

आता एकाहत्तरच्या लढाईतल्या त्या सकाळचं. तू तुझ्या टोकाला होतास, माझ्या टोकाचं तू कधी ऐकलंच नाहीस. धुकं. कापलेली भातखाचरं, पुढं बांबूचं बेट. तुमचे मॉर्टर त्या बेटात पडत होते आणि आमची प्लाटून त्या माऱ्याच्या आडोशानं चालत निघाली होती. चंद्रभान पुढं. सेटवर बोलायचं ते हिंदीत, हा नियम. तू दुसऱ्या पलटणीतून नवीनच आला होतास, आपली धड ओळखही नव्हती. त्या सकाळी बॅटरीच्या नावानं तू मराठीत एक शिवी हासडलीस. परक्या मुलखात, धुक्यात, कानात मराठी शिवी! मला इतकं बरं वाटलं की मीही मराठीत सुरू झालो. तू विचारलंस, कुठंपर्यंत? मी सांगितलं, बेटाकडे निघालोय, चालतोय. आणि तुमचे मॉर्टर थांबले.

बेटातली शत्रूची मशीनगन लगेच सुरू झाली.

मी आडवा पडून ओरडत होतो, मारा, बांबूवर मारा. कोणी मारेना. नंतर कळलं, तुम्ही समजत होता की आम्ही बेटाच्या आत बसलोय आणि मी भेदरून आमच्याच डोक्यावर मारा मागतोय. तुमच्या जागी मीही थांबलो असतो. चंद्रभान खुंटांमध्ये पालथा पडला होता. मला वाटलं, दबून बसलाय.

चौकशीत साहेबानं विचारलं, क्या बोला था? मी म्हटलं, ‘आ रहे हैं’ बोला था. तू म्हणालास, ‘आ गए हैं’ बोला था. साहेबानं आपल्या दोघांकडं पाहिलं. तुझ्या बाजूला मॉर्टरवाल्यांची साक्ष होती, माझ्या बाजूला मेलेला मेहुणा. शिक्षा झाली नाही, फक्त सेट काढून घेतला. पुढची वर्षं मी कोठारात बटाटे मोजले.

लिही. एक ओळ.

रुपराव


गांधीबाग, नागपूर
१२ एप्रिल १९८६

धोंडबा,

ट्रंक कॉल लावून भांडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. लोक पैसे वाचावेत म्हणून फोनवर गोड बोलतात.

मामा हाक मारत आले, “रुप्या, कोणाचा फोन होय गा? लई बोंबलून राहिला.” मी रिसीव्हर कानाला लावला आणि तू विचारलंस, “ऐकू येतंय का रं?” माझा दुसरा हात आपोआप दुसऱ्या कानावर गेला. जुनी खोड. मग तू जे बोललास ते मी इथं लिहून ठेवतो, म्हणजे फोनला काही झालं तरी ते राहील:

“मी खोटं लिवल्यालं न्हाई. तू सोताच्या तोंडानं म्हनालास, बांबूत येऊन राहिलो. मी इचारलं, नक्की? तू म्हनालास, हाव बे, येऊन राहिलो. त्यो सबूद मी मरस्तोवर इसरायचा न्हाई.”

मी म्हटलं, “मग? तेच म्हटलं होतं मी.”

तू म्हणालास, “मग?”

मी म्हटलं, “मग काय?”

आणि लाइन कटली.

मी रिसीव्हर धरून उभा. एवढ्यात दुकानात एक गिऱ्हाईक उठायला लागलं, तर मामा त्याला म्हणाले, “बसा हो, चहा येऊन राहिला.” तो माणूस बसला. चहा कुठंच नव्हता. चहावाला गल्लीतसुद्धा नव्हता. आणि त्या गिऱ्हाइकानं चहा शोधला नाही, कप कुठं म्हणून विचारलं नाही. नागपूरचाच होता तो.

धोंडबा, तुला कळलं का? मला त्या रिकाम्या टेबलाकडं बघून कळलं. तुमच्याकडं पाहुणा ‘येऊन राहिला’ म्हणजे त्याचं अंथरूण पडलं, ताट मांडलं. आमच्याकडं पाहुणा ‘येऊन राहिला’ म्हणजे तो अजून बर्डीच्या स्टॉपवर बसची वाट बघतोय. तुम्ही ज्याला ‘येतोय’ म्हणता, त्याला आम्ही ‘येऊन राहिलो’ म्हणतो. जेवतोय, तर जेवून राहिलो. मरतोय, तर मरून राहिलो. मी सांगत होतो की आम्ही वाटेत आहोत. तू ऐकलंस की आम्ही बांबूत बिऱ्हाड केलं. वर तू ‘नक्की?’ विचारलंस, म्हणजे तू तुझं काम चोख केलंस. मीही चोख उत्तर दिलं.

चौकशी हिंदीत झाली म्हणून हे कोणाला कळलं नाही. मी माझ्या शब्दाची हिंदी केली, तू तुझ्या कानाची. मूळ शब्द टेबलावर आलाच नाही. गंमत बघ, नियम पाळून त्या सकाळी ‘आ रहे हैं’ म्हटलं असतं तर तुम्ही मारा चालू ठेवला असता. हिंदीत चंद्रभान जगत होता. आपण दोघं मराठी निघालो.

काल संध्याकाळपासून मी एका जागी बसलेलो नाही. महाल भागापर्यंत गेलो, परत आलो, जेवलो की नाही ते शोभाला विचारावं लागलं.

आता तू एकच कर. लग्नाला येशील तेव्हा गोपिकेला तो शब्द जसाच्या तसा सांग. अर्थ सांगायचा नाही. ती मौद्याची आहे, आमच्याच बोलीची.

रुपराव


गांधीबाग, नागपूर
१३ एप्रिल १९८६

धोंडबा,

कालचं पत्र टाकलं ते चुकलं. आज पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिलो. पेटीत हात जात नाही, रविवारचं पोस्ट उघडत नाही. म्हणून हे दुसरं.

तिला सांगू नकोस.

रात्री शोभाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं खूश होईल. तिनं खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, “म्हणजे आता वन्संचा दुसरा भाऊ बी जाते.” मी म्हटलं, कोण दुसरा? “राखी कोणाले जाते? धोंडबा भाऊले ना? तिले कळलं का यानंच उलटं ऐकलं, मंग?” मी म्हटलं, त्यात त्याची काय चूक? ती म्हणाली, “तुमची काय होती? तरी चौदा वर्षं बाहेर उभे आहात ना?”

मी तिच्यासमोर बसून तांदूळ निवडू लागलो.

खरं आहे. तो शब्द तिच्या कानावर पडला की मी सुटतो आणि तू अडकतोस. जागा एकच आहे आणि आपण दोघं. तुला सख्खी बहीण नाही, हे शोभानंच सांगितलं. गोपिकेला निदान एक भाऊ मांडवात उभा राहिलेला दिसू दे. तू ये, उभा राहा, आहेर घे, जेव.

एवढं लक्षात ठेव, की आमच्याकडं मामा नवरीला मांडवात आणतो तेव्हा घाई करत नाही. साताऱ्याकडं तुम्ही काय करता कोण जाणे.

रुपराव

ता. क. सांगू नकोस असं लिहिलंय. मनापासून लिहिलंय का, ते विचारू नकोस.


गांधीबाग, नागपूर
६ मे १९८६

धोंडबा,

शोभा आणि मुलं तेराला मौद्याला जातील. मी चौदाचं दुसरं काम घेतलंय. बेसा गावात एका पुढाऱ्याच्या आईची तेरवी, म्हणजे तेरावं आहे, दिवसभर भजन, दोन भोंगे. पुढाऱ्याला आईचं दुःख चार गावांत ऐकू जायला हवंय.

शोभानं पुष्पीसाठी शालू घेतला, नत्थूजी मामांच्या दुकानातून. तो मीच निवडला असं पुष्पीला सांगायचं नाही असं ठरलंय. मी दोनदा दुकानात जाऊन त्याचा रंग पाहिला, मग तिसऱ्यांदा उजेडात नेऊन पाहिला. मामा म्हणाले, “अबे, तुले नेसाचा आहे का?”

माझी दोन्ही पत्रं तुला पोचली का, एवढंच विचारायचं होतं. उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे.

रुपराव


गांधीबाग, नागपूर
१६ मे १९८६

धोंडबा,

तू न जेवता गेलास. अक्षता पडल्या, लोक पंगतीकडं वळले, आणि मी मागं बघतो तर तू नाहीस. कोणी म्हणालं, हायवेवर जाऊन भंडाऱ्याहून आलेली बस पकडली. त्यामुळं मी मांडवात येण्याआधीचं आणि तू गेल्यानंतरचं तुला ठाऊक नाही, ते सांगतो.

तेराच्या संध्याकाळी तू गोपिकेशी काय बोललास ते मला कळलेलं नाही. मारोतराव, म्हणजे चंद्रभानचे मोठे भाऊ, एवढंच म्हणाले की तुम्ही दोघं ओसरीत बसला होता, तू मान खाली घालून काहीतरी एकदाच म्हणालास, आणि ती उठून मागं विहिरीकडं गेली. हळदीच्या बाया गात होत्या, त्यांना तिनं गप्प केलं नाही. बराच वेळ आली नाही. मी ‘सांगू नकोस’ म्हणून लिहिलं होतं. तू पत्रं वाचत नाहीस, की ती उलटी ऐकतोस, काय समजायचं मी?

चौदाला सकाळी मी बेसाला भोंगा बांधत होतो. मारोतराव राजदूतवर आले. गाडी बंद न करता म्हणाले, “चला. गोपिकाबाईनं बोलावलं.” मी म्हटलं, कशाला? ते म्हणाले, “मले काय माहीत? मले म्हणे घेऊन या, मी आलो.” भजन चालू ठेवून मी मागं बसलो. माझ्या अंगावर बनियन आणि वर तेलकट शर्ट. नवरीचा मामा!

पुढचं तू पाहिलंस. पण तू खाली बघत होतास, म्हणून सांगतो. गोपिका मांडवाच्या खांबापाशी उभी होती. केस पांढरे झालेत तिचे, मला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग तुझ्याकडं, आणि म्हणाली, “तुमच्या दोघायच्या मराठीत माहा माणूस गेला.”

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, “आता उभे राहा दोघं बी. मुहूर्त जाऊन राहिला.” त्यावर तुझं तोंड जे उतरलं, धोंडबा! तुला वाटलं, टळला मुहूर्त. पुष्पीनं मुंडावळ्यांतून तुझ्याकडं पाहून सांगितलं, “अजून टाइम आहे मामा.” मांडवात कोणी हसलं नाही, पण शोभा पदर तोंडाला लावून मागं वळली ते मी पाहिलं. आणि आपण दोघं उभे राहिलो. तुझा फेटा, माझा तेलकट शर्ट. पुष्पीच्या सासरच्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही की यांतला मामा कोण.

तू गेलास, पंगत बसली. गोपिकेनं माझ्या बाजूला एक पत्रावळ मांडून ठेवली होती. ती तशीच राहिली. वाढप्यानं उचलायला हात घातला तर तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मला वाढताना ती बोलली नाही. वरण गोड झालं होतं. सांगणार होतो, नाही सांगितलं.

संध्याकाळी पुष्पीची पाठवणी झाली. गोपिका रडली नाही. रडायचं काम मीच केलं, आणि ते लोकांच्या नजरेला येण्याइतकं केलं. मांडव रिकामा झाल्यावर ती आत बसून उरलेले बुंदीचे लाडू डब्यात भरत होती. मी उंबऱ्यावर. आत ये असं ती म्हणाली नव्हती. नको असंही म्हणाली नव्हती. शोभानं मला मागून पायानं ढोसलं, म्हणून मी आत जाऊन बसलो.

गोपिका डब्याकडं बघत म्हणाली, “धोंडबा भाऊ उपाशी गेला.”

मी म्हटलं, “पार्सल करतो मी उद्या.”

“पोस्टानं लाडू फुटते.”

“मंग?”

“मंग काय? तू घेऊन जाय.”

म्हणून मंगळवारच्या गाडीनं निघतोय. हे पत्र माझ्या आधी आलं तर वाच आणि वाचलं नाहीस असं दाखव, कारण मला असं काही लिहायची परवानगी नाही. मी तिला विचारलं होतं, त्याले काय सांगू? तिनं डब्यावर फडकं बांधलं, दातांनी गाठ ओढली आणि म्हणाली:

“काही नको सांगू. तुम्ही दोघं एकमेकायले काही सांगता अन् इकडं माणूस मरते. डबा ठेव, बाजूले बस, अन् त्यानं वाढलं तं जेव.”

रुपराव